परातीतली चित्रं

आमच्या माडीवर एक बंगाली चित्रकार अकरा वर्षं राहिले आणि अकरा वर्षांत त्यांनी दाराला एकदाही कडी लावली नाही. "अहो, चोर आला तर?" असं मी विचारलं की म्हणायचे, "आला तर बसेल. चित्र बघेल." मी कपाळाला हात लावायची. पनवेलचा चोर चित्र बघत बसेल असं ज्याला वाटतं, त्याच्याशी काय वाद घालायचा?

नाव होतं त्यांना, चांगलं लांबलचक होतं, पण ते इथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळी आळी त्यांना बाबू म्हणायची. मला ते बौदी म्हणायचे. त्यांच्याकडे वहिनीला बौदी म्हणतात. आमचे हे केमिकल कंपनीत शिफ्टला, मी घरात बायकांचे ब्लाउज शिवायची आणि सासूबाई खुर्चीत बसून रस्त्यावर लक्ष ठेवायच्या. असं आमचं घर. त्यात हा माणूस वर येऊन राहिला आणि घराची चालच जरा मंदावली. म्हणजे घड्याळ तेच, पण दुपारी लांब झाल्यासारख्या वाटायला लागल्या.

ते पनवेलला आले जिताड्यामुळे. हसू नका, खरं सांगते. निघाले होते गोव्याला. पळस्प्याला गाडी बंद पडली, ड्रायव्हर म्हणाला तीन तास लागतील. हे आपले चालत चालत गावात आले आणि एका खानावळीत जेवायला बसले. ताटात जिताड्याची तुकडी आली. ती त्यांनी उचलली, वास घेतला आणि तिथेच रडायला लागले. त्यांच्या गावाकडचा भेटकी म्हणून जो मासा, तो हाच. गाडी गोव्याला गेली, हे राहिले. ही गोष्ट त्यांनी मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितली. एकात गाडी बंद पडलीच नव्हती. जिताडा मात्र तिन्हींत होता.

खोली बघायला आले तेव्हा पाणी किती वाजता येतं, संडास कुठे, काही म्हणता काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, "दुपारचा ऊन कुठून येतो?" मी खिडकी दाखवली. त्यावर ते मोकळ्या फरशीवर उताणे पडले आणि बघता बघता झोपले. मी खाली येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कठड्याला धरत वर गेल्या, वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, "श्वास चालू आहे गं. ठेव त्याला."

सकाळी उठून ते बंदराकडे जायचे. भर उन्हात छत्री, आणि डिसेंबर लागला की माकडटोपी. आम्ही पंखे लावून बसलेलो आणि हे कान झाकून, "बौदी, ठंड!" खाडीवर सकाळी धुकं असतं, पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही, मधेच एखादा बगळा दिसतो आणि जातो. ते दोन-दोन तास नुसते बघत उभे राहायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. मी विचारलं, "मग काढता कशावरून?" तर म्हणाले, "जे विसरलो नाही त्याच्यावरून." तेव्हा नवीन वसाहतीसाठी मुरमाच्या गाड्या दिवसभर धावत होत्या, आज दिसणारं शेत पुढच्या महिन्यात दिसायचं नाही. त्यांच्या कागदावर मात्र मिठागरं होती तशीच राहायची, पाणी चमकत असायचं, आणि बांधावरून कुणीतरी चाललेलं असायचं.

चाललेलं, पाठ करून. त्यांच्या चित्रातली सगळी माणसं पाठमोरी. होडी ओढणारे पाठमोरे, पाण्याला निघालेल्या बायका पाठमोऱ्या, एवढंसं पोर तेही पाठमोरं. सासूबाई एकदा भडकल्याच. "काय रे बाबू, सगळे तुझ्यावर रुसलेत का? एकाला तरी इकडे बघायला सांग की!"

बाबू हसले. "होबे, मा, होबे."

होबे म्हणजे होईल. हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. नळ गळतोय, होबे. मुंबईहून माणूस चित्रं न्यायला येणार आहे, होबे. तो माणूस खरंच आला, पांढऱ्या गाडीतून, घामाघूम. बाबू स्वतःच जिन्यात उभे होते. त्याने विचारलं, चित्रकार आहेत का? बाबू शांतपणे म्हणाले, "नाहीत. खाडीवर गेले. कधी येतात, कधी नाही." आणि छत्री उघडून त्याच्या समोरून निघून गेले! त्या बिचाऱ्याला मी सरबत दिलं. बाबू संध्याकाळी आले तेव्हा मी चांगलं फैलावर घेतलं. म्हणाले, "बौदी, चित्र अजून पाण्यातून गेला नाही. पाण्यातून नाही गेला तर ते रंग नाही. धूळ आहे."

हे पाण्याचं प्रकरण नीट सांगायला हवं. त्यांनी मांडववाल्याकडून लग्नात कणीक मळतात ती मोठ्ठी परात आणली होती. सासूबाईंना दोन दिवस वाटत होतं, हा वर खानावळ काढतोय. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले आणि किंचाळले. चार दिवस खपून काढलेलं चित्र परातीत पाण्याखाली पडलेलं, रंग सुटून वर तरंगतोय, आणि हे शेजारी मांडी घालून स्वस्थ बसलेत! मला वाटलं, डोकं फिरलं माणसाचं. तर नाही, त्यांची रीतच ती. पातळ रंग लावायचा, वाळू द्यायचा, अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. कागदाने धरला तेवढा रंग राहतो, नुसता वर बसलेला असतो तो सुटून जातो. मग काढून वाळवायचा, परत रंग, परत पाणी. दहा वेळा, पंधरा वेळा. म्हणून त्यांच्या चित्रात ते धुकं यायचं, आणि म्हणून त्यांचं चित्र पुरं झालं की ओल्या हाताने पुसलं तरी जायचं नाही. त्यांच्या गुरूंच्या घरामागे तळं होतं. सगळे शिष्य त्या तळ्यात चित्रं बुडवायचे आणि मासे येऊन रंगाला तोंड लावायचे, असं ते सांगायचे. खरं असेल की नाही देव जाणे. पण मी मशीन चालवताना कितीदा ते तळं डोळ्यापुढे आणलंय.

माणसं पाठमोरी का, हेही त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. मी हुकं लावत होते, ते पायरीवर बसले होते. आई गेली तेव्हा ते कलकत्त्यात होते, पोचले नाहीत. आईचा फोटो नव्हता. गुरूंकडे बसून त्यांनी आठवून आईचा चेहरा काढला, हुबेहूब आला म्हणे, आणि मग रीतीप्रमाणे तळ्यात बुडवला. "सगळा गेला, बौदी. आमी बघत राहिला. कागद पांढरा झाला." त्यानंतर चेहरा नाही. मी आपली हुकं लावत राहिले.

आणि अशा माणसाकडे चांगुणा चेहरा मागायला गेली.

चांगुणा उरणहून मासळी घेऊन यायची. आठवड्यातून तीनदा पहिल्या गाडीने, डोक्यावर पाटी, केसात अबोलीचा गजरा आणि तोंडाचा पट्टा सुरू. जिताडा मिळाला की तो बाबूंचाच. "बाबू, घे तुजा गाववाला!" असं खालून ओरडायची. तिचा नवरा चौदा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. लग्नातला एकच फोटो होता, तोही एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं त्यात गेला. आता मुलीचं लग्न ठरलं होतं, चार महिन्यांवर. बाप नसेल तर हळदीला बापाचा फोटो पाटावर ठेवतात, आधी त्याला हळद लावायची आणि मग पोरीला, अशी त्यांच्या घरची रीत होती. चांगुणाला तेवढ्यासाठी चेहरा हवा होता.

"मी नाही काढत चेहरा," बाबू म्हणाले.

"का नाय काढत? हात मोडलाय?"

मी मधे पडले, म्हटलं, अगं, त्यांनी तुझ्या नवऱ्याला बघितलंसुद्धा नाही, काढतील कसा? त्यावर ती पाटी खाली ठेवून पायरीवर बसली. एवढी तोंडाळ बाई, पण आवाज एकदम खाली आला. "बाय, खरा सांगू? मनापन आता त्याचा तोंड आठवत नाय. डोळं मिटलं का होडी दिसते. पोरगी इचारते, बाप कसा होता? मी काय पन सांगतंय. खोटा सांगतंय." आणि ती माझ्याकडे नाही, बाबूंकडे बघत होती. "त्याला एकदा तरी आनून बसवा. पोरीच्या हलदीपुरता."

बाबू उठून वर गेले. मला वाटलं संपलं. तर वरून हाक आली, "तिला वर पाठवा."

मग पाटी विकून झाली की ती वर जाऊन बसायची. मी ब्लाउज घेऊन तिथेच, कारण तिची बोली त्यांना अर्धी कळायची आणि त्यांची तिला पाव. नाक कसं, डोळे कसे, असं बाबू कधी विचारायचेच नाहीत. विचारायचे, "जेवताना काटा कुठून काढायचा? ह्या बाजूने, त्या बाजूने?" ती डोळे मिटून स्वतःच्या तोंडात बोट घालून बघायची आणि म्हणायची, डाव्या. "राग आला की बोलायचा, की गप?" गप. "कान पकडायचा का लाज वाटली की?" यावर ती अशी लाजली की मलाच हसू फुटलं. दोन महिने हेच. बाबूंनी कागदाला ब्रश लावला नाही. दुपारचं ऊन फरशीवरून सरकत भिंतीला जायचं, आणि चौदा वर्षांपूर्वी गेलेला माणूस त्या खोलीत हळूहळू जेवायला लागला होता, कूस बदलत होता, बायकोवर गप राहून रागावत होता. मी त्याला ओळखायला लागले होते, शपथेवर सांगते.

मग एक दिवस त्यांनी काढला. एका बैठकीत, समोरून. चांगुणा आली, बघितलं आणि पाटीसकट उभी राहिली. मग "हा बघ," म्हणाली, जसं कुणीतरी बराच वेळ लपून बसलेलं सापडावं. त्या दिवशी तिने खाली येऊन मला दोन पापलेटं तशीच दिली आणि गाणं म्हणत गेली.

पुढचं माझ्या मूर्खपणाने झालं. दोन दिवसांनी ती अवचित आली, पोरीला दाखवायला चित्र कधी मिळेल विचारायला. माझ्या मशीनवर नवरीचा ब्लाउज होता, घाईचा. म्हटलं, बाबू खाडीवर गेलेत, दार उघडंच आहे, जा वर आणि बघून ये. आणि परातीचं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

वरून जी किंकाळी आली, ती आजही माझ्या कानात आहे. मी धावले. परातीत तिचा नवरा पाण्याखाली होता, डोळे उघडे, वर बघत. तिने दोन्ही हात घालून त्याला ओढून काढलं, पदरात गुंडाळलं आणि मला धक्का देऊन जिना उतरली. "अगं थांब, ते पुरं व्हायचंय!" मी ओरडत राहिले. ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

बाबू आले. मी रडत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, परातीतलं पाणी ओतून परात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने उरणला गेलो, जासईपर्यंत कंटेनरच्या रांगाच रांगा. चांगुणा दारातच आडवी उभी राहिली. आत चित्र उशीला टेकवून ठेवलेलं दिसत होतं. एका गालाचा रंग तिच्या पदराला लागून गेला होता.

"तिला सांगा," बाबू मला म्हणाले, "हे कच्चा आहे. हात लावेल तर जाईल."

मी सांगितलं. ती म्हणाली, "एकदा गेला पान्यात. मी दुसऱ्यांदा नाय जाऊ देनार." आणि दार लावून घेतलं. येताना बाबू गाडीत म्हणाले, "बरोबर आहे तिचा." त्या दिवशी ते होबे म्हणाले नाहीत.

हळदीला तीन दिवस राहिले आणि ती आली. पाटी होती, मासळी नव्हती. पाटीत कापडाखाली चित्र. "बाय, याचा तोंड चाललाय," म्हणाली आणि बोटं पुढे केली. बोटांना तांबूस रंग. पोरगी रोज हात लावायची, ती स्वतः रोज हात लावायची, आणि दर वेळी तो थोडा थोडा कमी होत होता. ओठांची कड गेली होती, एक भुवई गेली होती.

मी म्हटलं, "काच लावून घे गं. काचेमागे राहील."

"काचेला हलद लावू?" ती म्हणाली. मी तिला वर बाबूंकडे घेऊन गेले.

बाबूंनी सकाळभर बसून गाल भरला, भुवई आणली. खिडकीत वाळवलं. दहा-पंधरा बुड्यांना आता वेळ नव्हता, एकच लांब बुडी द्यायची होती. मग परात सुलटी केली, पाणी भरलं आणि तिच्यासमोर बसले. पाणी भरताना मला त्यांच्या आईचा तो पांढरा कागद आठवत होता. ते मराठीत, सावकाश, शब्द शोधत बोलले. "नाही बुडवला, तर बोटाबरोबर जाणार. रोज थोडा. बुडवला, तर राहील, नाही राहील, आमाला माहीत नाही. खोटा नाही बोलणार. तू सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. "बाय, तू काय म्हनतेस?" मी परातीतल्या पाण्याकडे बघितलं. सासूबाई खालून विचारत होत्या काय चाललंय.

चांगुणाने पदर खोचला. "बुडवा," म्हणाली.

"बुडवणार आमी," बाबू म्हणाले. "काढणार तू."

कागद पाण्यात गेला. आधी काही झालं नाही. मग गालावरून, गळ्यावरून तांबूस रंग सुटून वर यायला लागला, इतका आला की तोंड दिसेनासं झालं. चांगुणा पुटपुटत होती, कुणाला काय विनवत होती कोण जाणे. "बस झाला," ती म्हणाली. बाबू म्हणाले, "अजून." तिने परातीची कड धरली. "बाबू, बस झाला!" "अजून." मी डोळे मिटले. खरं सांगते, माझ्याच्याने बघवेना.

"आता," बाबू म्हणाले.

तिने दोन कोपरे धरून त्याला पाण्याबाहेर काढलं. पाणी निथळलं. तो होता. आधीपेक्षा फिकट, जरा लांब गेल्यासारखा, पण होता, दोन्ही भुवया, ओठ, आणि डाव्या बाजूला काटा काढताना पडावी तशी ओठाला मुरड. तिने अंगठा त्याच्या गालावर दाबून फिरवला आणि अंगठा उजेडात धरून बघितला. स्वच्छ होता. मला दाखवला, बाबूंना दाखवला. बाबू भिंतीला टेकून बसले होते आणि लहान पोरासारखे रडत होते.

"आला गो बाय," ती म्हणाली. "वर आला."

परातीत तांबडं पाणी उरलं होतं. कागद खिडकीत वाळत ठेवून मी परात उचलून मोरीकडे निघाले, तर तिने माझं मनगट धरलं. "मोरीत नको." माझीच कळशी मागून घेतली, पाणी सगळं तिच्यात ओतलं, शेवटचा थेंबसुद्धा.

"खाडीत सोडतंय," ती म्हणाली. "जो त्याचा हाय तो त्याला. उरला तो माजा." आणि कळशी डोक्यावर घेऊन जिना उतरली.